ला पेलोसा: वाळू इथेच राहू दे

(पडद्यावर फक्त पाणी. काठाशी बिनरंगी, पुढे पोपटी, त्याच्या पलीकडे गडद निळं.)

इटलीच्या सार्डिनिया बेटाचं हे वायव्य टोक. किनाऱ्याचं नाव ला पेलोसा. वाळू पिठीसारखी पांढरी आणि पाणी इतकं उथळ, की बरंच आत चालत गेलो तरी ते गुडघ्याच्या वर येत नाही.

कोकणात वाढलेल्या डोळ्यांना इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. सकाळी पाणी जिथे होतं, दुपारीही तिथेच. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद आहे. अटलांटिककडे उघडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटरची. त्यामुळे इथली भरती-ओहोटी वीतभराची.

(जवळून: वाळूवर अंथरलेली चटई, तिच्यावर टॉवेल.)

टॉवेल थेट वाळूवर टाकायला इथे मनाई आहे. खाली चटई हवीच. ओल्या कापडाला रेती चिकटते, ती गाडीत जाते, हॉटेलात झटकली जाते. उन्हाळाभर हजारो टॉवेल असे गेले, की किनारा झिजतो. 2020 पासून उन्हाळ्यात दिवसाला 1500 माणसांनाच प्रवेश, तोही आधी नोंदणी करून, साडेतीन युरो भरून. सार्डिनियातून वाळू किंवा शिंपले नेणाऱ्याला 500 ते 3000 युरो दंड होऊ शकतो. मला हे नियम जाचक वाटले नाहीत. उलट असं वाटलं, या किनाऱ्याची काळजी वाहणारं कुणीतरी आहे.

(पाण्याखाली: डोलणारी लांब हिरवी पाती.)

वाळूचा खरा राखणदार मात्र पाण्याखाली आहे. वरून काळपट डाग दिसतात, ते शेवाळ नव्हे. ती पोसिडोनिया. मुळं, फुलं, फळं असलेली वनस्पती, तिची ही जात फक्त भूमध्य समुद्रात उगवणारी. तिची मुळं तळाची रेती धरून ठेवतात, पाती लाटांचा जोर मोडतात. शरद ऋतूत गळलेली पानं काठावर तपकिरी ढीग होऊन साचतात. पाहुण्यांना तो कचरा वाटतो. पण हिवाळी लाटा आणि वाळू यांच्यामध्ये तोच आडवा पडतो. बोटीचा नांगर या कुरणातून एकदा फरफटला, की ती जखम भरायला पिढ्या जातात, कारण हे गवत आडवं पसरतं ते वर्षाला काही सेंटिमीटरच.

(छोट्या खडकाळ बेटावरचा दगडी बुरूज.)

हा बुरूज 1578 सालचा, स्पॅनिश अमलातला. समुद्री चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला. पाण्यातून चालत त्याच्यापर्यंत जाता येतं.

इथले लोक दोन समुद्रांची नावं घेतात: आतला समुद्र आणि बाहेरचा समुद्र. कापो फाल्कोनेच्या टेकडीवर चढलं की दोन्ही एकदम दिसतात. पश्चिमेला बाहेरचा, काळ्या कड्यांवर आदळणारा. वायव्येचा मायेस्त्राले वारा तिथे मोकाट सुटतो. पूर्वेला आतला, शांत, कारण समोर इझोला पियाना आणि आसिनारा ही बेटं आडोसा धरून उभी आहेत.

(लांबून आसिनारा. मग स्तिन्तीनोचं बंदर.)

1885 मध्ये सरकारने आसिनारावर कैद्यांची वसाहत आणि साथीच्या रुग्णांसाठी विलगीकरण केंद्र काढायचं ठरवलं. तिथल्या कोळ्या-मेंढपाळांच्या 45 कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्यांनी मुख्य भूमीवर, समुद्राच्या दोन चिंचोळ्या फाट्यांमधल्या जमिनीवर नवं गाव वसवलं. तेच हे स्तिन्तीनो. पहिल्या महायुद्धात आसिनारावर आणलेले ऑस्ट्रिया-हंगेरीचे हजारो युद्धकैदी कॉलऱ्याने आणि उपासमारीने गेले. 1985 च्या उन्हाळ्यात माफियाविरोधी खटल्याची कागदपत्रं लिहायला न्यायाधीश जोव्हानी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो यांना संरक्षणासाठी याच बेटावर ठेवलं होतं.

1997 मध्ये आसिनारा राष्ट्रीय उद्यान झालं. आता गावातून बोटी जातात. उतरल्यावर झुडपांच्या सावलीत पांढरी, फिकट निळ्या डोळ्यांची गाढवं दिसतात. ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून दुपारी ती आडोशालाच असतात.

(संध्याकाळ. माणसं चटया झटकताहेत. एक मुलगी वाकून पायाच्या बोटांमधली रेती काढते आहे.)

स्तिन्तीनोच्या धक्क्यावर एकेक दिवा लागतो. 45 घरांनी सोडलेलं बेट इथून स्पष्ट दिसतं, अंधार पडेपर्यंत.