लाकूड शोसाठी नाहीये: ब्रिटनच्या लाकडी गाड्या

ही मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, ब्रिटनची जुनी स्टेशन वॅगन. पुढून बघितली तर साधी गोलमटोल पत्र्याची गाडी, पण पुढच्या दारांच्या मागे सगळा सांगाडा ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, त्यात ॲल्युमिनियमचे पत्रे बसवलेत. बऱ्याच जणांना वाटतं हे लाकूड शोसाठी लावलंय. अजिबात नाही, मागचं छप्पर, खिडक्या, डिकीची दोन दारं, सगळं ह्याच्यावरच उभंय.

आता लाकूडच का, तर सुरुवातीला गाडी अर्धीच मिळायची. कंपनी चॅसिस (म्हणजे बॉडीखालची चौकट) आणि इंजिन देणार, बॉडी बांधायला तुम्ही जायचं कोचबिल्डरकडे, आणि त्यातले बरेच जण आधी घोडागाड्या बनवणारे, त्यांचा हात ॲशवर बसलेला. ॲश चिवट, हादरे खातं पण पटकन तुटत नाही, हातोडी-कुऱ्हाडीचे दांडे ह्याचेच. सांगाडा उभा करायचा आणि वरून पत्रा ठोकायचा, नाहीतर चक्क कापड चढवायचं.

१९२६ मध्ये मॉरिस गाड्या बनवणाऱ्या विल्यम मॉरिसने अमेरिकेच्या बड ह्या स्टीलच्या बॉड्या बनवणाऱ्या कंपनीला बरोबर घेऊन ऑक्सफर्डजवळ काउलीला प्रेस्ड स्टील कंपनी काढली, आणि अख्ख्या स्टीलच्या बॉड्या निघायला लागल्या. खरं तर लाकडाचा खेळ इथेच संपायचा. पण दुसरं महायुद्ध झालं, स्टीलचं रेशनिंग आलं, जे मिळेल ते आधी एक्स्पोर्टच्या गाड्यांना. त्यात प्रवासी गाडीवर परचेस टॅक्स (खरेदीवरचा कर), मालवाहू गाडीवर नाही. मग काय, लोकांनी ॲल्विस, ली-फ्रान्सिससारख्या चांगल्या गाड्यांचं चॅसिस घ्यायचं, त्यावर लाकडी खोकं बांधून घ्यायचं आणि कागदावर ती मालवाहू दाखवायची! फक्त एक गोची होती, मालवाहू म्हटलं की ताशी ३० मैलांची लिमिट. घाईघाईत, नीट न वाळलेल्या लाकडात केलेल्या कित्येक बॉड्या काही वर्षांतच खिळखिळ्या झाल्या, त्यामुळे त्या काळातल्या फार थोड्या उरल्यात.

ट्रॅव्हलर आली १९५३ ला आणि चालली थेट १९७१ पर्यंत, दोन लाखांच्या वर बनल्या. आपल्याकडची हिंदुस्तान मोटर्सची लँडमास्टर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली तिचीही तिकडे अशी लाकडी ट्रॅव्हलर निघायची. मिनी ह्या छोट्या गाडीची पण होती, पण तिचं लाकूड नुसतं स्टीलच्या बॉडीवर वरून चिकटवलेलं, दिसायला गोड असेल, मला तरी ती नक्कल वाटते. मॉर्गन ह्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीवाले मात्र इंग्लंडात मॅलव्हर्नला आजही बॉडीचा सांगाडा ॲशचाच करतात. त्यांचं चॅसिसही लाकडाचं असतं ही अफवा आहे, ते कधीच नव्हतं.

आता ट्रॅव्हलर जरा जवळून बघा. खिडकीच्या काचा सरकतात ना, त्या खाचेत पाणी साचतं, वॉर्निश उडालं की लाकूड आधी काळं पडतं, मग त्यावर हिरवं शेवाळ, आणि सगळ्यात आधी कुजते ती चाकावरची कमानीची पट्टी. तिकडच्या एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते बघणारी, २०१८ पर्यंत ह्या गाड्यांनाही सक्तीची होती) हे लाकूड गाडीचा सांगाडाच धरतात, कुजलेलं निघालं तर गाडी सरळ नापास. पण मागचा अख्खा ॲशचा सेट आजही नवा विकत मिळतो, बोल्ट खोलून जुना उतरवायचा आणि नवा चढवायचा, काम किचकट आहे, पण ज्याला वेल्डिंग येत नाही आणि रंधा-पटाशी बऱ्यापैकी चालवता येते त्याला जमण्यासारखं आहे.