जळण्यासाठीच बनवलेली ढाल

(दृश्य: काळ्या आकाशात केशरी रेघ. हळूहळू जाड होत जाते.)

पृथ्वीजवळच्या कक्षेतून परतणारं यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने वातावरणात शिरतं. चंद्राकडून परतणाऱ्याचा वेग जवळपास अकरा किलोमीटर. ऐकताना फरक फार वाटत नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चंद्राकडून येणाऱ्या यानाला किलोमागे साधारण दुप्पट ऊर्जा वाटेतच टाकून यावं लागतं. हा वेग इंधन जाळून मोडायचा म्हटलं, तर परतीसाठी आणखी एक अवाढव्य रॉकेट सोबत न्यावं लागेल. ते शक्य नाही. ब्रेक म्हणून हाताशी उरते ती फक्त हवा.

बहुतेकांची समजूत अशी, की यान हवेशी घासून तापतं. घर्षणाचा वाटा असतोच, पण मुख्य कारण वेगळं आहे. समोरच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, आणि दाबली गेली की तापते. सायकलमध्ये जोरजोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं. इथे तेच हजारो अंशांवर घडतं. हवेचे रेणू फुटतात, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि यानाभोवती प्लाझ्माचं आवरण तयार होतं. परतीच्या काही मिनिटांत रेडिओ संपर्क तुटतो तो या आवरणामुळे.

(दृश्य: वाऱ्याच्या बोगद्यातलं जुनं कृष्णधवल छायाचित्र. बोथट नमुन्यासमोर कमानीसारखी रेषा.)

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रश्न होता क्षेपणास्त्रांचा. टोक जितकं अणकुचीदार तितकं बरं, असं सगळे धरून चालले होते. कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन आणि आल्फ्रेड एगर्स यांनी गणित मांडलं आणि उत्तर नेमकं उलटं आलं. टोकदार वस्तूला आघात तरंग, म्हणजे समोर दाबल्या गेलेल्या हवेची भिंत, चिकटून राहतो आणि उष्णता थेट धातूत उतरते. वस्तू बोथट असेल तर तोच तरंग तिच्यापासून काही अंतरावर उभा राहतो. बहुतांश उष्णता हवेतच राहते आणि हवेबरोबर मागे निघून जाते. अंतराळयुगातल्या सगळ्या शोधांमध्ये माझ्या मते हा सर्वांत मोलाचा, कारण त्याशिवाय वर गेलेला एकही माणूस परत आला नसता. मर्क्युरी, अपोलो, सोयुझ, शेनझोऊ, ड्रॅगन, ओरायन, सगळ्या कुप्या, म्हणजे माणसं बसतात ती छोटी यानं (कॅप्सूल), बोथट बूड पुढे करूनच खाली येतात.

एवढं करूनही थोडी उष्णता यानापर्यंत पोहोचतेच. ही "थोडी" म्हणजे किती? चंद्राकडून परतताना नासाच्या ओरायन कुपीच्या कवचाला सुमारे २,८०० अंश सेल्सिअस सोसावे लागतात. पोलाद त्याच्या कितीतरी आधी वितळतं. म्हणून कवच टिकावं यासाठी धडपडण्याऐवजी ते शिस्तीत झिजावं अशी योजना करतात. कवचातलं राळेसारखं रसायन तापून विघटित होतं, त्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. त्यातून निघालेले वायू बाहेर येताना समोरच्या तप्त हवेला मागे रेटतात. वर कोळशाचा काळा थर उरतो, तो लालबुंद होऊन उष्णता परत बाहेर फेकतो. या सगळ्यात एक अट दडलेली आहे: आत तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. ही अट लक्षात ठेवा.

(दृश्य: कारखान्यातली ढाल. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, एका कप्प्यात पिचकारीचं टोक.)

अपोलोच्या ढालीवरच्या पदार्थाचं नाव ॲव्हकोट. फायबरग्लासच्या जाळीत लाखो षट्कोनी कप्पे, आणि त्यातला प्रत्येक कप्पा कामगाराने हाताने, पिचकारीसारख्या बंदुकीने भरायचा. मग क्ष-किरणांनी तपासणी. एखाद्या कप्प्यात पोकळी दिसली की तो कोरून काढायचा आणि नव्याने भरायचा. २०१४ मध्ये ओरायनचं पहिलं चाचणी उड्डाण झालं, तेव्हाही तीन लाखांहून जास्त कप्पे असेच भरले होते. पाच मीटर व्यासाची ढाल आणि त्यावर महिनोन्‌महिने वाकलेली माणसं.

काम फार वेळखाऊ होतं. म्हणून पुढच्या ढालीसाठी ॲव्हकोटचे ठोकळे आधीच ओतून, कापून, चिकटवायचं ठरलं. पावणेदोनशेहून जास्त ठोकळे. हीच ढाल घेऊन नासाच्या आर्टेमिस १ या चांद्रमोहिमेची रिकामी ओरायन कुपी १६ नोव्हेंबर २०२२ ला निघाली, चंद्राला फेरी मारून ११ डिसेंबरला पॅसिफिक महासागरात उतरली. मोहीम यशस्वी. केबिनमधलं तापमान इतकं सुसह्य होतं, की आत माणूस असता तर त्याला काहीच जाणवलं नसतं.

मग ढाल उलटून पाहिली.

(दृश्य: जळालेल्या ढालीचा जवळून फोटो. काळ्या पृष्ठभागावर खड्डे.)

काळा थर एकसारखा झिजायला हवा होता. त्याऐवजी शंभराहून अधिक जागी तुकडे निखळून गेले होते. पुढची जवळपास दोन वर्षं शोध घेण्यात गेली. ढालीतून नमुने कापून काढले, विद्युत-ज्योतीच्या भट्ट्यांमध्ये नव्या ॲव्हकोटवर शंभराहून जास्त चाचण्या झाल्या. उत्तर त्या वायूच्या वाटेतच होतं. ओरायन एका दमात खाली येत नाही. वातावरणात डुबकी मारून किंचित वर उठतं आणि पुन्हा आत शिरतं. लांबचं उतरण्याचं ठिकाण त्यामुळे अचूक गाठता येतं. पण या दोन डुबक्यांच्या मधल्या काळात बाहेरची आच कमी झाली होती, म्हणून वरचा थर नेहमीसारखा झिजत नव्हता; आतला भाग मात्र तापलेलाच होता आणि वायू तयार होत होता. ॲव्हकोट पुरेसं सच्छिद्र नव्हतं. वायू कोंडला, दाब वाढला, थराला तडे गेले.

मला यात सर्वांत बोलकी वाटते ती ही गोष्ट: जमिनीवरच्या आधीच्या चाचण्या उड्डाणापेक्षा *जास्त* उष्णतेत केल्या होत्या. जास्त कडक परीक्षा म्हणजे जास्त सुरक्षित, असं कुणालाही वाटेल. पण जास्त आचेत थर पटापट झिजतो आणि वायूला आपोआप वाट मिळते. दोष लपला होता तो मंद आचेत. त्याच ढालीवर जिथे ॲव्हकोट अधिक सच्छिद्र होतं तिथे तडे गेले नव्हते, आणि हा पुरावा प्रत्यक्ष उडून आलेल्या ढालीनेच दिला. डिसेंबर २०२४ मध्ये नासाने निर्णय जाहीर केला: आर्टेमिस २ चे चार अंतराळवीर यानावर आधीच बसवलेल्या ढालीसहच पाठवायचे, मात्र परतीचा मार्ग बदलून तो मधला काळ कमी करायचा, पुढच्या ढालींसाठी ॲव्हकोट अधिक सच्छिद्र बनवायचं.

ढालीइतकाच भरवसा कुपीच्या आकारावर असतो. १८ जानेवारी १९६९. सोयुझ ५ मध्ये बोरिस व्हॉलिनोव्ह एकटे परतत होते. मागचा इंजिनांचा भाग सुटायला हवा होता, तो सुटलाच नाही. यान नाकाकडून वातावरणात शिरलं. ढाल मागे, आणि समोर पातळ दरवाजा. त्याच्या कडेचं रबर जळू लागलं, केबिनमध्ये धूर भरला. अखेर जोड तुटले, मागचा भाग निघून गेला, आणि कुपी कुणीही न वळवता आपली आपण फिरून ढालीवर आली. वजन ढालीच्या बाजूला ठेवलेलं असल्यामुळे. पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या, कुपी जोरात आपटली, व्हॉलिनोव्हचे दात तुटले. पण ते वाचले. वीज, संगणक, वैमानिक, काहीही नसताना चालणारी सुरक्षा ती ही.

कुपीची ढाल प्रवासभर मागच्या भागाखाली झाकलेली असते, हाही मोठा फायदा. स्पेस शटलचं उष्णतारोधक कवच उड्डाणापासून उघडं असायचं. जानेवारी २००३ मध्ये इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना तिथूनच तप्त हवा आत शिरली आणि कल्पना चावलांसह सात जण गेले.

बाकीच्या बऱ्याच सोयींमागेही असेच मृत्यू आहेत. १९७१ मध्ये सोयुझ ११ ची हवेची झडप अंतराळातच उघडली. तिघांच्याही अंगात दाबपोशाख नव्हते. तेव्हापासून सोयुझमध्ये जाता-येता पोशाख सक्तीचा. पेटत्या रॉकेटवरून कुपी ओढून काढणाऱ्या सुटका-यंत्रणेने मात्र १९८३ मध्ये दोघांना वाचवलं.

(दृश्य: समुद्रावर उतरणारी तीन मोठी पॅराशूट. त्यातलं एक मिटलेलं.)

अपोलो १५ चं हे दृश्य. तीनपैकी एक पॅराशूट मिटलं आणि तरी तिघे सुखरूप उतरले, कारण हिशेब दोनांवरच केला होता. गगनयानच्या कुपीतही मुख्य पॅराशूट तीन आहेत, आणि दोन पुरेशी आहेत. इस्रोने डिसेंबर २०१४ मध्ये १२६ किलोमीटर उंचीवरून एक रिकामी कुपी बंगालच्या उपसागरात उतरवली. २१ ऑक्टोबर २०२३ ला सुटका-यंत्रणेची चाचणी झाली, तीही यशस्वी. मात्र समुद्रात ती कुपी उलटी तरंगताना सापडली. आत माणसं असती तर पट्ट्यांना लटकलेली असती. माणूस बसण्याआधी हे दिसलं, हीच त्या चाचणीची कमाई.

गगनयानमध्ये माणूस बसण्याआधी कक्षेतली मानवविरहित उड्डाणं ठरलेली आहेत. प्रक्षेपण सगळेच बघतील, मीही बघेन. पण माझी खरी उत्सुकता त्यानंतरच्या आठवड्यांची आहे: कुपी बाहेर काढल्यावर कवचातून किती नमुने कापले, काळ्या थराची जाडी गणिताप्रमाणे भरली का, आणि नाही भरली तर ते किती लवकर आणि किती मोकळेपणाने सांगितलं गेलं.