लिफ्टचा वाद आणि केस मेथड

(परदेशी बिझनेस स्कूलला निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर विलेपार्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. संयोजकांनी विषय दिलाय ‘परदेशी बिझनेस स्कूलमध्ये रुळताना’. व्हिसा, नोकरी, राहायची जागा, सगळं सांगा, असं बजावलंय. सांगते. पण त्याआधी माझं एक लाडकं म्हणणं आहे. ते घरचे आता ऐकून घेत नाहीत. तुम्ही मात्र खुर्च्यांवर बसलायत आणि दार पार मागे आहे. (हशा)

म्हणणं असं, की मुंबईतल्या मुलाला बिझनेस स्कूलची तयारी करायची असेल, तर त्यानं आधी आपल्या सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, जावं. नुसतं जाऊ नये, तिथे बोलावं. इथे कितीजण एजीएमला गेलेत? हात वर करा. बघा, जे वर आलेत ते सगळे पालकांचे. आपल्याकडे एजीएमला बाबा जातात. परत आल्यावर आई विचारते, ‘काय ठरलं?’ बाबा म्हणतात, ‘काही नाही. समोसा बरा होता.’

आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायची होती. सभेची वेळ सकाळी दहा. गणपूर्ती कधीच होत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब, आणि साडेदहाला तीच माणसं, त्याच खुर्च्या, पण आता सगळं कायदेशीर. सेक्रेटरींनी खर्चाचा आकडा वाचला आणि तळमजल्यावरचे एक काका उठले. म्हणाले, ‘मी या लिफ्टमध्ये आजवर पाय ठेवलेला नाही. मी एक पैसा देणार नाही.’

झालं. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘मग गच्चीत गहू वाळत घालायला हेलिकॉप्टरनं जाता का?’ पहिल्या मजल्याचं म्हणणं, मजल्याप्रमाणे वाटणी करा, म्हणजे आम्हाला कमी पडेल. दुसऱ्या मजल्यावरचा एक इंजिनीअर म्हणाला, माणशी फेऱ्या मोजू. त्यावर कुणीतरी विचारलं, दूधवाल्याच्या फेऱ्या कुणाच्या खात्यात? एक गृहस्थ मध्येच पार्किंगवर घसरले. ते दर वर्षी घसरतात, विषय कुठलाही असो. काका काही हटेनात. शेवटी त्यांनी बाण काढला: ‘पाण्याचे पैसे नळांच्या हिशोबानं घेता ना? ज्याचे नळ जास्त त्याला जास्त. मग लिफ्टला तोच न्याय का नाही?’

सभा गप्प. प्रश्न खरोखरच चांगला होता. कुठला खर्च वापराप्रमाणे वाटायचा आणि कुठला सगळ्यांत सारखा, हा कॉस्ट अकाउंटिंगमधला अस्सल प्रश्न आहे. त्यावर पुढे परदेशात डॉलर मोजून एक अख्खा कोर्स केला मी.

आता खरी गंमत. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ पहिल्यापासून मांडीवर उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, पुस्तिका घेऊन बसले होते. तिच्यात दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत. पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार बघून, आणि लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा खर्च सगळ्या सभासदांत सारखा, कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो. ते पान त्यांनी उघडूनही ठेवलं होतं. पण बोलले नाहीत. सभा संपल्यावर जिन्यात (लिफ्ट बंदच होती) बाबांना म्हणाले, ‘अहो, हे तर स्पष्ट लिहिलंय.’ बाबा म्हणाले, ‘मग सांगितलं का नाहीत?’ तर म्हणाले, ‘मला कुणी विचारलं कुठे?’

ठराव पुढच्या वर्षावर गेला. आम्ही वर्षभर जिने चढलो.

तर हे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मला परदेशात वर्गात भेटले. एक नाही, अनेक. बहुतेक भारतीय होते, काही कोरियन, काही जपानी.

तिथे वर्ग चालतो कसा, ते थोडक्यात. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झालं आणि १९२० च्या दशकात तिथे केस मेथड रुजली. तिथल्या एका सेक्शनमध्ये नव्वदच्या आसपास मुलं. जागा ठरलेली, पुढ्यात नावाची पाटी. एखाद्या कंपनीपुढचा पेच, म्हणजे ‘केस’, आदल्या रात्री वाचून यायचा. प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत. येतात आणि कुणा एकाकडे बघून विचारतात, ‘तू काय करशील?’ याला कोल्ड कॉल म्हणतात. पुढचा सगळा वेळ मुलंच वाद घालतात, आणि बऱ्याच विषयांत निम्म्याच्या आसपास गुण या बोलण्याला असतात. पालकांनी हे नीट ऐका. आपण पंधरा वर्षं ‘वर्गात गप्प बस’ म्हणून मार्क मिळवून दिलेले असतात. आमची अहमदाबादची आयआयएमही १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्यानं उभी राहिली, त्यामुळे तिथून आलेल्यांना हे नवं नसतं. बाकीच्यांना पहिला महिना चक्रावल्यासारखं होतं.

माझी तक्रार इथेच आहे, आणि ती जुनी असली तरी मी सोडलेली नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक गडी होता, आधी सैन्यात होता. केस पहिल्या पानापलीकडे वाचायचा नाही. हात वर करून ठणठणीत आवाजात सांगायचा, ‘मला वाटतं, इथे खरा प्रश्न रोख पैशाचा आहे.’ प्राध्यापक ते फळ्यावर लिहून भोवती गोल काढत. अहो, माझ्या वहीत त्या रोख पैशाचा पाच वर्षांचा हिशोब होता! पुढचे पैसे योग्य दरानं आजच्या किमतीत आणून! पण मी मनात वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढच्या स्टेशनाला लागलेली असायची. सत्राअखेरीस त्याला वरची श्रेणी आणि आमच्या वहीवाल्या मंडळींना मधली. मी प्राध्यापकांना जाऊन भेटले. ते म्हणाले, ‘तुझ्या वहीचा वर्गाला काय उपयोग झाला?’ उत्तर बिनतोड होतं. तरी मला पूर्ण पटलेलं नाही. दुसऱ्या भाषेत विचार मांडायला तीन सेकंद जास्त लागतात, आणि त्या तीन सेकंदांचा दंड बाहेरून आलेल्यानंच भरायचा, ही वर्गाची रीत झाली, न्याय नाही. शिक्षक मंडळी बसली असतील तर चहाला भेटा, भांडू.

पण तुम्हाला तिथे निभवायचं आहे. तर पहिल्या दहा मिनिटांत बोला. सुरुवातीला केसमधला नुसता आकडा सांगितला तरी चालतो, त्या वेळी तोच हवा असतो. उशीर झाला की आकडा पुरत नाही, युक्तिवाद लागतो. दुसऱ्याचं नाव घेऊन विरोध करा: ‘अमुकशी मी सहमत नाही, कारण...’ आपल्याकडे हे उद्धटपणाचं वाटतं. तिथे ज्याचं नाव घ्याल तो खूश होतो. आणि लिफ्टवाल्या काकांना आठवा. त्यांना उपविधी माहीत नव्हते, स्वार्थ उघड दिसत होता, तरी सगळी सभा त्यांच्याच प्रश्नाभोवती फिरली.

जाता जाता, १९१३ साली मुंबईत सिडनहॅम हे कॉमर्सचं कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर शिकायला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर १९१८ मध्ये ते सिडनहॅमलाच अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. यावर मला बरंच बोलायचं होतं, पण ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ अहो, व्हिसा राहिलाय सगळा.

बरं, भराभर. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच काम करता येतं, आठवड्याला २० तासांपर्यंत. त्यातून फी भरून निघेल असं कुणी सांगितलं तर त्याला नमस्कार करा आणि निघा. शिक्षण संपल्यावर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) म्हणून नोंदलेला असेल तर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते. काही एमबीए स्टेममध्ये मोडतात, काही नाही. हे प्रवेश घेण्याआधी विचारा, फी भरल्यावर नाही. पुढे नोकरीसाठी लागतो तो एच-१बी व्हिसा. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, शिवाय अमेरिकेत मास्टर्स वा त्यापुढचं शिकलेल्यांसाठी २० हजार. त्यावरचे नियम आणि शुल्क हल्ली सारखे बदलतायत, तेव्हा शेजारच्या दादाचा अनुभव ऐका, पण तारीख विचारून ऐका.

नोकरीची धावपळ पहिल्याच सत्रात सुरू होते. अभ्यास मार्गी लागू दे, मग बघू, हे चालत नाही. बायोडेटा एका पानाचा, त्यात वडिलांचं नाव आणि जन्मतारीख नको. कॉफी चॅट नावाचा प्रकार असतो: अनोळखी माणसाकडे वीस मिनिटं मागायची आणि नोकरी मात्र मागायची नाही. संकोच वाटेल. तरी मागा, तिथे यात कुणाला गैर वाटत नाही. फ्रान्समधल्या इन्सेआड या बिझनेस स्कूलचा एमबीए दहा महिन्यांचा. तिथे जानेवारीच्या बॅचला उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते, ऑगस्टच्या बॅचला नाही. क्षेत्र बदलायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

जागेचं म्हणाल, तर तिथे तुमचा क्रेडिट इतिहास, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद, कोरा असतो, त्यामुळे घरमालक बिचकतो. ब्रिटनमध्ये तिथलाच जामीनदार मागतात. पहिलं सत्र विद्यापीठाच्या वसतिगृहात काढा, महाग वाटलं तरी.

शेवटचं, लग्न झालेल्यांसाठी. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला, म्हणजे एमबीएलाही, जोडीदाराला डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. हे विमानतळावर कळलेली जोडपी मला माहीत आहेत. तेव्हा फॉर्म भरण्याआधी घरी बोला, दोन्हीकडच्या आईवडिलांसमोर बोललात तरी चालेल, आरडाओरडा इथेच होऊ दे. हॉल साडेसातला रिकामा करायचाय म्हणतात. प्रश्न घेऊ या. कर्जाबद्दलचे आधी.