रंगीत पेनं आणि स्वतःचा पत्ता

आकाशवाणी सांगलीच्या सर्व श्रोत्यांना माझा नमस्कार.

पुण्याहून मिरजेकडे येताना कऱ्हाड मागे पडलं की थोड्या वेळाने किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर वसवलेलं हे गाव नांगराच्या कारखान्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते आणखी एका कारणासाठी प्रिय आहे. याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे आपले शंवाकि, स्वतः व्यंगचित्रं काढत. त्यांच्या चित्रांच्या पुस्तकाचं नावच ‘टाकांच्या फेकी’. मुंबई-पुण्यापासून इतक्या लांब, रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर बसून या माणसाने चित्रं काढली, मासिक काढलं आणि ते महाराष्ट्रभर घराघरांत पोचवलं. परवानगी मागायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही, कारण छापखाना आणि टाक एकाच आवारात होते.

मी स्वतंत्र व्यंगचित्रकार आहे. कुठल्याही वर्तमानपत्राच्या नोकरीत नाही. माझ्या मागे कारखाना नाही आणि छापखानाही नाही. पण माझ्या टेबलाच्या एका कडेला रंगीत पेनांचे डबे आहेत आणि दुसऱ्या कडेला स्कॅनर, आणि तिथून चित्र माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर जातं. शंवाकिंना जे स्वातंत्र्य वाडीत मिळालं होतं, त्यातलं बरंचसं आज मला सांगलीच्या गावभागातल्या दोन खोल्यांत मिळतं. त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आपल्याकडे व्यंगचित्रकाराला मोठा आधार दिवाळी अंकांचा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड आहे आणि व्यंगचित्रांशिवाय दिवाळी अंक मराठी वाचकाला सुना वाटतो. पण दिवाळी वर्षातून एकदा येते. गणपतीच्या आधी चित्रांची मागणी सुरू होते, नवरात्रापर्यंत हात थांबत नाही, आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा सामसूम. म्हणून आपल्या थोर व्यंगचित्रकारांनी आपापल्या वाटा शोधल्या. वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर, सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी ती जातिवंत रेषा जपली. मंगेश तेंडुलकर दिवाळीत पुण्याच्या चौकात उभे राहायचे आणि वाहनं चालवणाऱ्यांच्या हातात स्वतः काढलेली शुभेच्छापत्रं द्यायचे, वाहतुकीचे नियम पाळा म्हणून सांगणारी. चित्रकार आणि वाचक यांच्यात मध्ये कुणीच नाही! मला त्या कृतीचं फार अप्रूप वाटतं. वेबसाइट सुरू करायचं मनात आलं ते त्यांच्याकडे बघूनच.

आता पेनांविषयी. यावर मी तासभर बोलू शकेन, पण हात आखडता घेते.

शाळेत आपण सगळ्यांनी वापरलेलं स्केचपेन पाण्याच्या शाईचं असतं. रंग झळझळीत, किंमत हलकी. पण मोठा भाग भरायला गेलं की दोन फराटे जिथे एकमेकांवर चढतात तिथे गडद पट्टा उमटतो, आणि फार घासलं तर कागदाचा वरचा पापुद्रा सुटून त्याच्या गुठळ्या होतात. स्पिरिटच्या शाईचे मार्कर असतात, त्यांचा रंग एकसंध पसरतो, एका थरावर दुसरा थर चढवला तर सुंदर छटा मिळते. मात्र ही शाई कागदातून आरपार जाते, म्हणून खाली जाड पुठ्ठा ठेवावा लागतो, आणि ते महागही असतात. तिसरं पेन रेषेचं. त्यात रंगद्रव्याची शाई असते, एकदा वाळली की पाण्याने हलत नाही. स्केचपेन आणि मार्कर यांचे रंग बहुतेक डायचे, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाचे, आणि उजेडात ते उडतात. उन्हाच्या खिडकीसमोर लावलेल्या चित्रातला गुलाबी रंग सगळ्यात आधी जातो. रंगद्रव्याची रेष मात्र जशीच्या तशी राहते. म्हणून मी मूळ चित्रं भिंतीवर लावत नाही. बटरपेपर घालून, अंधारात, फाइलमध्ये ठेवते.

पूर्वी हा रंगांचा विचार करायची चैनच नव्हती. आधी जस्ताच्या ब्लॉकवर छपाई व्हायची. रेषेच्या ब्लॉकमध्ये काळं तरी असायचं नाही तर पांढरं, मधला करडा रंगच नाही. सावली दाखवायची तर बारीक रेघांची जाळी विणायची. जुन्या अंकांतली ती रेघांची नजाकत यंत्राच्या मर्यादेतून आलेली आहे. रंग बहुतेक मुखपृष्ठालाच मिळायचा, आणि त्या एका पानावर शि. द. फडणीसांनी काय करून दाखवलं! पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं त्यांचं ‘मोहिनी’ मासिकाचं मुखपृष्ठ अनेकांना आठवत असेल. बसस्टॉपवर एक तरुण, एक तरुणी. दोघांपैकी एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. एकही शब्द नाही. पुढे त्यांनीच शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली आणि हजारो मुलांच्या मनातली गणिताची भीती पळवली. त्या मुलांतली मी एक.

आजही रंगाचं दुखणं संपलेलं नाही. छापखाना चार शायांतून रंग जमवतो: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. माझ्या डब्यातला पोपटी रंग या चार शायांत बसतच नाही. कागदावर तो मळकट शेवाळी होऊन येतो. पडद्यावर रंग उजेडाचा असतो, तांबडा, हिरवा, निळा, त्यामुळे पोपटी तिथे पोपटीच दिसतो. उलट स्कॅनर फिकट पिवळा आणि गालांवरचा हलका गुलाबी हमखास खाऊन टाकतो, तो नंतर हलक्या हाताने परत आणावा लागतो. मूळ चित्र शेजारी ठेवून, दिवसाउजेडी, डोळ्यांनी ताडून. माझ्या वेबसाइटवर एखाद्या बाईच्या लुगड्याचा रंग कसा दिसावा हे मी ठरवते, ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही.

एका चित्राविषयी सांगते. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणीच विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही घर सोडून सांगलीतच विश्रामबागला नातेवाइकांकडे होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो, तेव्हा आधी चिखल काढला, मग भांडीकुंडी, मग माझ्या फाइली. त्या फुगलेल्या फाइलीतला एकेक कागद सुटा करताना जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. स्केचपेनाचे सगळे रंग वाहून गेले होते. एका चित्रातला निळा दुसऱ्या चित्राच्या पाठीवर उतरला होता. पण काळी रेष जागची हलली नव्हती. माणसांची नाकं, चष्मे, धोतराच्या चुण्या, एसटीची खिडकी, सगळं जिथल्या तिथे, फक्त रंगाविना. आणि ज्यांचे रंग गेले ती बहुतेक चित्रं वेबसाइटवर रंगांसकट सुरक्षित होती, कारण वेबसाइट ज्या संगणकावर साठवलेली असते तो सर्व्हर सांगलीत नव्हता. त्या संध्याकाळी विश्रामबागेत पुतणीच्या मोबाईलवर मी ती एकेक करून पाहिली.

मग नवं चित्र सुचलं. गच्चीवर पुरात भिजलेल्या घराचं सामान वाळत घातलं आहे. गाद्या, वह्या, आजोबांचा कोट. कडेला एक शाळकरी मुलगा जगाचा भिजलेला नकाशा पिळतोय. नकाशावरचा समुद्र पांढरा पडला आहे, आणि सगळ्या महासागरांचा निळा रंग खाली बादलीत जमला आहे. त्या चित्रात शब्द नाही. सगळा अर्थ त्या निळ्या रंगात. एका अंकात ते छापून आलं ते काळ्या-पांढऱ्यात. बादलीत पाणी दिसत होतं, पण ते समुद्राचं आहे हे कळायला काही वाव नव्हता. मला वाईट वाटलं, आणि त्याच रात्री मी ते रंगीत चित्र माझ्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावलं. आजही ते तिथेच आहे.

त्या चित्रावरून मिरजेच्या एका दृष्टिहीन शिक्षकांचा फोन आला. त्यांच्याकडे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. ते म्हणाले, “ताई, तुमच्या पानावर मजकूर ऐकू येतो आणि चित्राच्या जागी नुसतं ‘चित्र’ असं येतं. आम्हालाही सांगा की काय काढलंय.” वेबसाइटवर प्रत्येक चित्रामागे न दिसणारं वर्णन लिहिता येतं, ते अशा वाचकाला ऐकू जातं. मी लिहायला बसले. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण व्यंगचित्र पाहताना नजर आधी कुठे जाते, मग कुठे थांबते आणि गंमत कुठे फुटते, हा क्रम शब्दांत आणणं ही वेगळीच कला आहे. मी बादलीपासून सुरुवात केली होती. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, “बादली शेवटी सांगा. आधी मुलाला नकाशा पिळू दे.” किती अचूक! आता माझ्या प्रत्येक चित्रामागे असं वर्णन असतं, आणि ते लिहिता लिहिता कधीकधी चित्रातली एखादी अनावश्यक वस्तू मला दिसते आणि मी ती काढून टाकते. शब्दांत ज्याला जागा सापडत नाही, त्याचं चित्रातही काही काम नसतं, असं माझ्या ध्यानात आलं आहे.

हाताने लिहिलेल्या संवादांचंही तसंच. फुग्यातली अक्षरं मी हातानेच काढते, कारण अक्षराचा स्वभाव चित्राशी जुळावा लागतो. पण ती शोधयंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून तेच वाक्य चित्राखाली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करते. “एसटी”, “हळद” किंवा “पंगत” असा शब्द टाकून कुणी शोधलं की माझं कित्येक वर्षांपूर्वीचं चित्र त्याच्यासमोर येतं.

आता जरा व्यवहाराचं, कारण माझ्या ओळखीची कितीतरी तरुण मुलं-मुली या कामात येऊ पाहत आहेत. चित्र मोबाईलवर फिरत फिरत आपल्याकडेच परत येतं आणि कोपऱ्यातली सही कापलेली असते. हा अनुभव आम्हा सगळ्यांचा. निवडणुकीच्या दिवसांत तर माझ्या एका चित्रातल्या फुग्यात कुणीतरी स्वतःचं वाक्य घातलं होतं. तेव्हापासून मी सही कोपऱ्यात करत नाही. टेबलाच्या पायावर, घड्याळाच्या तबकडीत, छत्रीच्या काडीवर करते, जिथून ती कापली तर चित्रच मोडेल. आणि वेबसाइटवर ते चित्र तारखेसह आधीपासून असल्यामुळे, मूळ कुठलं आणि बदललेलं कुठलं, हे कुणालाही दाखवता येतं.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि तो चित्रकाराच्या बाजूने बरंच काही सांगतो. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर फक्त भारतापुरती. हक्क विकल्यानंतरही चित्राखाली आपलं नाव असावं, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड कुणी करू नये, हे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे उरतोच. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढून देताना मात्र हक्क कुणाचा ते आधीच कागदावर आणा, तोंडी बोलण्यावर सोडू नका. साध्या ईमेलमध्ये चार ओळी लिहा: हे चित्र एका अंकासाठी, एकदाच छापण्यासाठी देत आहे, मूळ चित्र माझ्याकडे राहील. समंजस संपादक याला कधीच नाही म्हणत नाहीत.

पैसे कुठून येतात हे लोक मला नेहमी विचारतात. वेबसाइट स्वतः काही कमावत नाही. पत्त्याचं आणि जागेचं वार्षिक भाडं मलाच भरावं लागतं, ते मी रंगांच्या खर्चातच धरते. पण तिच्यावर चित्र पाहून कुणी पुस्तकाचं काम देतं, कुणी संस्थेच्या कॅलेंडरसाठी बारा चित्रं मागतं, कुणी लग्नाच्या पत्रिकेवर नवरानवरीचं व्यंगचित्र हवं म्हणून येतं. परदेशी गेलेली मराठी माणसं आपल्या गावाची चित्रं छापून घेतात. घाटाची आणि गणपती मंदिराची मागणी सगळ्यात जास्त. शाळांतल्या कार्यशाळा आहेत. आणि दिवाळी अंक तर आहेतच, ते मी कधीही सोडणार नाही. छापलेल्या पानाचा वास आणि मान मला हवाच असतो.

यंदाच्या दिवाळीची चित्रं अजून टेबलावर आहेत. त्यातल्या एकात चार पिढ्यांची पंगत बसली आहे, आणि वरणाचा पिवळा रंग काही केल्या मनासारखा जमत नाही. तीन पिवळी पेनं झाली, चौथं आज बाजारातून घेऊन घरी जाणार आहे. चित्र झालं की संपादकांकडे जाईल, आणि अंक निघाल्यावर वेबसाइटवरही येईल, मागे लिहिलेल्या वर्णनासकट. मिरजेचे सर या वेळी वरण कधी सांगायचं म्हणतात, ते ऐकायला मी उत्सुक आहे.

नमस्कार.