नाल कोण भरतो?

नमस्कार मंडळी. बाहेर फळ्यावर आजचा विषय 'नाल' असा लिहिलाय. मघाशी दारात एक काका भेटले, ते गल्लीतल्या तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन आले होते. त्यांचा दोष नाही. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बैठकीत येऊन बसली, तेव्हापासून नागपूरकर या शब्दांच्या बाबतीत जरा हळवा झालाय. काका, बसा तुम्ही. इथेही पैसा वाहूनच जातो, फक्त दिसत नाही.

आजची नाल घोड्याचीही नव्हे. ज्यांनी पोळ्याच्या रात्री ताश कुटलेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, आणि ज्यांनी कुटलेत पण सौ. शेजारी बसल्यात त्यांनीही नव्यानेच ऐकतोय असा चेहरा करावा. जुगाराची बैठक जो भरवतो, जागा, गादी, पत्ते, चहा ज्याचा, तो प्रत्येक डावात मध्ये पडलेल्या पैशांतून आपला वाटा उचलतो. हा वाटा म्हणजे नाल. 'नाल काढणे' असं म्हणतात. 'नाल किती?' हा जाणत्या खेळाडूचा पहिला प्रश्न, आणि 'आज काय नशीब आहे बाप्पा!' हे नवख्याचं पहिलं वाक्य. नाल काढणारा स्वतः खेळत नाही. खेळायला बसला तर समजावं, धंदा बुडाला.

पेपरातल्या बातमीत हा माणूस नीट दिसत नाही. 'बावन्न ताशपत्त्यांवर पैशांची बाजी लावून हारजीतचा जुगार खेळताना अमुक जण ताब्यात', मग रोख, मोबाइल, दुचाक्या. मी पुष्कळ वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे ही बातमी वाचताना हिशेब करायची खोड आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या बैठकीतली खरी गोष्ट पत्त्यांत नसते, ती नालेत असते. ते मला आज चार खेळांच्या आकड्यांनी सिद्ध करायचंय. पण त्याआधी मामा.

आमचे थोरले मामा नागपूरच्या महाल भागात राहायचे. जुना वाडा, वर माडी, जिना इतका अरुंद की जाड माणूस आडवा होऊन चढायचा. पोळ्याच्या रात्री माडीवर बैठक भरायची, ती दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघायच्या वेळेपर्यंत. मामा कोपऱ्यात लोडाला टेकून. पुढ्यात डालड्याचा रिकामा डबा, झाकणाला पत्राकात्रीनं पाडलेली फट. डाव संपला, जिंकणाऱ्यानं पैसे ओढले की मामा काही बोलायचे नाहीत. फक्त डबा एक वीतभर पुढे सरकवायचे. जिंकलेला गडी खुशीत असायचा, नाणं टाकायचा. खण्ण. सुरुवातीला तो आवाज मोठा यायचा. रात्र चढली की दबका होत जायचा, कारण डबा भरत आलेला असायचा. मी शाळकरी पोरगा, चहाचे कप वर नेणं आणि खाली जिन्यात बसून कोणी अनोळखी आला तर खोकणं हे माझं काम. पोराच्या कामाचा मोबदला विचाराल तर एक चिवड्याची पुडी. तीही मामी द्यायची, मामा नव्हे. हे दुःख मी आज जाहीर करतो आहे, नोंद व्हावी.

मुद्दा सकाळचा आहे. सगळे डोळे चोळत तर्रीपोह्यांच्या गाडीवर जमायचे आणि तिथे खरं भांडण. एक म्हणायचा, मी इतके हरलो. दुसरा, मी तितके. जिंकलेला एखादा असायचा, तो सांगायचा त्याच्या कितीतरी पट हरलेल्यांची बेरीज भरायची. मग सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. "खोटं काऊन बोलून राहिला बे? आमचे पैसे काय उंदरानं नेले?" तो देवाच्या शपथा घ्यायचा. त्याच्या कानशिलात बसायची वेळ यायची. आणि त्याच गाडीवर, त्याच घोळक्यात मामा शांतपणे पोह्यांवर तर्री वाढवून मागत असायचे. त्यांच्याकडे कोणाचंही लक्ष जायचं नाही. उलट "मामा, तुम्हीच सांगा, खरं कोण बोलून राह्यलं?" म्हणून त्यांनाच पंच करायचे. मामा दोन्ही बाजूंचं ऐकून न्याय द्यायचे!

हसू नका, यात फार बारीक कारागिरी आहे. मामांनी बसायच्या आधी प्रत्येकाकडून आजचे दीडशे रुपये भाडं मागितलं असतं तर अर्धे लोक जिन्यातूनच परतले असते. हरलेल्याकडून मागितले असते तर मारामारी. मामा फक्त जिंकलेल्याकडून घ्यायचे, तेही जिंकल्या क्षणी, तेही चिल्लर. त्या क्षणी माणूस दिलदार असतो. डाव फिरत राहतो, आज ना उद्या, या डावात ना त्या डावात प्रत्येकजण थोडा वेळ जिंकलेला असतोच. म्हणजे नाल सगळ्यांनी भरली, आणि भरल्याची आठवण एकालाही नाही. आमच्या भागात एका जाणकारानं सांगितलं होतं, नाल म्हणजे लग्नातला अहेर, आनंदात दिलेला मोजायचा नसतो. मी म्हणतो, मोजा.

आजच्या पैशांत मांडतो. सहा जण, प्रत्येकी पाचशे, माडीवर एकूण तीन हजार. डावाला सरासरी शंभर रुपये मध्ये पडतात, नाल शेकडा पाच, म्हणजे पाच रुपये. पाच रुपयांना आज अर्धा कप चहा येत नाही. पण तासाला तीस डाव, रात्री दहा ते पहाटे चार सहा तास, एकशे ऐंशी डाव. नऊशे रुपये डब्यात. तीन हजारांतले सकाळी एकवीसशेच उरले. ते सहा जणांत कसेही वाटा, कोणालाही गुरू मानून खेळा, सहाही जणांची बेरीज नऊशेनं तोट्यातच. शेकडा पाच ऐकायला येतं, पण ते घरून आणलेल्या पैशांवर नसतं. तेच ते पैसे पुन्हा पुन्हा मध्ये पडतात आणि दर वेळी त्यावर पाच टक्के. सगळी रक्कम चौदा वेळा फिरली की निम्म्याहून कमी उरते. कॅल्क्युलेटरवर ०.९५ चौदा वेळा गुणून बघा. आत्ता नको, मोबाइल खिशात ठेवा.

अमेरिकेत या वाट्याला 'विगरिश' म्हणतात, लाडानं 'विग', 'ज्यूस'सुद्धा म्हणतात. शब्द मूळ रशियन, यिडिश बोलणाऱ्या ज्यूंच्या तोंडून तिकडे रुळला. रशियनमध्ये त्याचा अर्थ, ऐका, जिंकलेली रक्कम! कोण जिंकतं हे त्या लोकांनी नाव देतानाच ओळखलं होतं. तिथला बेकायदा सावकार व्याजालाही विगच म्हणतो. आपल्याकडचा दहा हजारांचा कागद करून नऊ हजार हातावर ठेवतो, तसलाच प्रकार.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं'. खाली कोणीतरी 'मामा पुरे' असंही लिहिलंय. बरं. चार खेळ म्हणालो होतो, पळत पळत घेतो.

पहिला, अमेरिकेतला सामन्यावरचा सट्टा. दोन्ही संघ बरोबरीचे असले तरी शंभर जिंकायला एकशे दहा लावावे लागतात. दोघांनी दोन बाजूंनी लावले, जमले दोनशे वीस. जिंकलेल्याला मिळाले दोनशे दहा. दहा बुकीचे, साडेचार टक्क्यांच्या आसपास. नुसतं न हरण्यासाठी तुमचे अंदाज ५२.३८ टक्के वेळा बरोबर यायला हवेत. आपल्याकडे तेच 'लगवाडी-खायवाडी'त आहे. लावायला एक भाव, खायला दुसरा, मधले दोन पैसे कोणाचे ते विचारायचं नाही. बुकीला कोण जिंकणार याच्याशी देणंघेणं नसतं. दोन्ही बाजूंचा तोल बिघडला की तो जास्तीचं ओझं वरच्या बुकीकडे उतरवतो आणि झोपतो. जागे राहता ते तुम्ही.

दुसरा, मटका. सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवरून, म्हणून आपल्या कॉटन मार्केटकडे उगाच संशयानं बघू नका. शून्य ते नऊ, दहा आकडे. एकेरी आकड्याला एकास नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा, दहा जातील, नऊ येतील. इथे नाल मागतच नाहीत, भावातच मुरवलेली असते.

तिसरा, रूले, कॅसिनोतलं फिरतं चाक. सदतीस घरं, एका घराला लावलेल्यावर पस्तीस पट, शिवाय लावलेले परत. नाल २.७० टक्के, अमेरिकी चाकावर एक घर जास्त, तर ५.२६. एका घराची किंमत बघा.

चौथी, आपली लिलाव-भिशी. हा जुगार नव्हे, रागावू नका, मीही दोन भिश्यांत आहे. पण चालवणाऱ्याचा वाटा तिथेही आहेच. १९८२ च्या चिट फंड कायद्यानं त्याला पाच टक्क्यांची मर्यादा घातली, २०१९ मध्ये ती सात केली. नोंदणी केलेल्या भिशीत हे निदान कागदावर लिहिलेलं असतं, हा फरक मोठा आहे.

आणि कायदा, त्याला तर एक वेगळा तास हवा होता. १८८७ चा आपला जुगार प्रतिबंधक कायदा जुगारअड्डा कशाला म्हणतो? जिथे मालक जागेचं किंवा साधनांचं शुल्क म्हणून वा अन्य कुठल्याही रीतीनं नफा कमावतो. म्हणजे डालड्याचा डबा! १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं हेच बघितलं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, सोयीसुविधांपुरते पैसे घेतले तर चालतील. पण क्लब खेळातून नफा काढू लागला तर गुन्हा होऊ शकतो. पत्ते तेच, माणसं तीच, फक्त डब्यात काय पडतं त्यावर निकाल. ऑनलाइन रमीवाल्यांकडून आधी त्यांच्या नालेवर अठरा टक्के जीएसटी घेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूनं भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस झाला, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले. पोळ्याच्या माड्या त्या कायद्यात येत नाहीत; त्यांना १८८७ चाच पुरतो.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर चहापाशी विचारा. नालीवाले काका, तुम्हीही या, अर्ज कोणाकडे द्यायचा ते मला ठाऊक आहे.