वॉशआऊट : छत्रपती संभाजीनगरची पाईपलाईन आतून कशी धुतात

(सुरुवातीची दृश्यं : रात्र, नाल्याकाठी पाईपच्या तोंडातून पडणारं तांबडं पाणी, बॅटरीचा उजेड)

हे पाणी बघा. उकळलेल्या चहासारखं तांबडं दिसतंय पण हे ड्रेनेजचं नाही, पिण्याच्या पाईपलाईनचंच आहे, आणि पाईप फुटला म्हणून वाहत नाहीये, मुद्दाम सोडलंय. वाकून बघणारे ते दोघं व्हॉल्व्हमन आहेत. पाणी कधी स्वच्छ होतं याची वाट बघतायत. पाईप आतून धुवायच्या ह्या कामाला सगळे वॉशआऊट म्हणतात, कागदावर फ्लशिंग लिहितात.

आता हे पाणी इथपर्यंत येतं कुठून ते आधी बघू. पैठणचं जायकवाडी धरण, म्हणजे आपला नाथसागर. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, आणि 27 दरवाजे. दरवाजे उघडले की आख्खा जिल्हा बघायला जातो, तो व्हिडिओ तुम्ही शंभर वेळा पाहिलाय म्हणून इथं परत दाखवत नाही. धरणातून पाणी पंपानं उचलायचं, फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणायचं, तिथं तुरटी पडते, गाळ खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळून निघतं, क्लोरिन मारतात, मग पुन्हा पंप आणि पुढं नक्षत्रवाडीची टेकडी, तिथून शहरभरच्या जलकुंभांत. चाळीस-पन्नास किलोमीटरचा हा रस्ता आणि बहुतेक सगळा चढाचा. वर्षानुवर्षं दोन जुन्या लाईनींनी हे शहर पाजलं, एक 700 मिलिमीटरची आणि एक 1400 ची. आता 2500 मिलिमीटरची नवी लाईन टाकलीय, माणूस न वाकता आत चालत जाईल एवढी. तिचं भूमिपूजन झालं, बॅनर लागले, आणि लागायलाच पाहिजेत, शहराची ती गरजच आहे.

पण आमचा कॅमेरा त्या मोठ्या पाईपवर थांबलेला नाही. तुमच्या गल्लीत जो पाईप आहे तो चार इंची नाहीतर सहा इंची, आणि फारोळ्यातून निघालेलं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी शेवटी त्याच पाईपातून तुमच्या हंड्यात पडतं. त्या पाईपचं कधी उद्घाटन होत नाही आणि तो धुतला काय न धुतला काय, कुणी फोटो काढायला येत नाही.

(दृश्य : कापलेला जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाईप, आतून)

हा तुकडा दुरुस्तीत निघालेला. बाहेरून धडधाकट, आत बघा. गंजाच्या गाठीच गाठी, तोंड निम्म्यावर आलंय. गाठींच्या मधे जो मऊ चिखल दिसतो तो काही एका दिवसात साचलेला नाही, केंद्रातून निसटलेला तुरटीचा बारीक गाळ, पाईपचा गंज, लिकेजमधून आत आलेली माती, आणि त्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर. पाणी हळू वाहतं तिथं हे सगळं खाली बसतं. सगळ्यात जास्त कुठं, तर डेड एंडला, म्हणजे गल्ली जिथं संपते आणि पाईप पुढं कुठंच जोडलेला नसतो तिथं. आणि त्या गाळाला क्लोरिन पुरतच नाही, टाकीतून निघताना पाण्यात असलेला क्लोरिन हा गाळच खाऊन टाकतो आन शेवटच्या घरापर्यंत काहीच उरत नाही.

आपल्याकडं अजून एक अडचण आहे. चोवीस तास पाणी असलेल्या गावात पाईप कायम भरलेला असतो. आपल्याकडं काही दिवसांचा गॅप. नळ गेले की पाईप रिकामा होतो, रिकामा होताना आत पोकळी तयार होते आणि जिथं बारीकशी चीर असेल तिथून बाहेरचं ओढून घेतो. बाहेर ड्रेनेजची लाईन असली तर काय ओढणार ते सांगायला नको. वरून नळाला डायरेक्ट मोटर लावली की ही ओढ अजून वाढते. मग चार-सहा दिवसांनी पाणी सुटतं ते एकदम जोरात, रिकाम्या पाईपात हवा पुढं ढकलत येतं आणि साचलेलं सगळं उकरत येतं. नळ आल्यावर पहिलं पाणी घाण येतं ते यामुळं.

(दृश्य : व्हॉल्व्हमन चेंबरचं झाकण उचलतात, लांब दांड्याची चावी)

आता काम. लोकांना वाटतं नळ उघडा सोडला की झालं, तसं नाही. नुसतं पाणी सोडून गाळ हलत नाही, त्याला वेग लागतो, सेकंदाला निदान पाऊण मीटर, आणि चांगलं धुवायचं तर दीड मीटरपर्यंत. एवढा वेग आणायचा कसा? बाजूच्या सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचे म्हणजे पाणी एकाच बाजूनं, एकाच पाईपातून पळतं. सुरुवात कायम जलकुंभाजवळून, मोठ्या पाईपकडून बारीक पाईपकडं, धुतलेल्या बाजूचं पाणी न धुतलेल्या बाजूला. उलटं केलं तर एका गल्लीची घाण दुसऱ्या गल्लीत जाऊन बसते. परदेशात हे काम रस्त्यावरच्या फायर हायड्रंटमधून करतात, आपल्याकडं लाईनच्या सगळ्यात खोलगट जागी वॉशआऊट व्हॉल्व्ह ठेवलेला असतो, नाल्याच्या काठाला, आणि उंचावर एअर व्हॉल्व्ह, हवा बाहेर काढायला.

बघा ते मामा कसे आटे मोजतायत. ओठ हलतायत त्यांचे. चावी किती फेरे फिरली हे मोजून वहीत लिहायचं असतं, कारण मागच्या वेळी जेवढ्या फेऱ्यात बंद झाला त्यापेक्षा कमी फेऱ्यात अडकला तर समजायचं आत काहीतरी बसलंय. उघडायचा हळू, बंद करायचा त्याहून हळू. घाई केली तर पाण्याचा धक्का मागं जातो आणि जुना पाईप तिसऱ्याच ठिकाणी फुटतो. हा जो व्हॉल्व्हच्या दांडीपाशी पाझर दिसतोय ती ग्लँडची, म्हणजे दांडीभोवती पाणी अडवणारी दोरी झिजलीय, ती जागच्या जागी बदलतायत. व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून पूर्ण बंद करावा लागतो, नाहीतर गंजून जाम होतो, आणि पुढं कधी लाईन फुटली की अर्ध्या वॉर्डाचं पाणी बंद करावं लागतं कारण जवळचा व्हॉल्व्ह फिरतच नाही.

आणि हे पाईपचं तोंड बघा, नाल्याच्या पाण्याच्या चांगलं वर आहे. ते असंच वर पाहिजे. वॉशआऊटचं तोंड नाल्यात बुडालेलं असेल तर लाईन रिकामी होताना तोच नाला आत येतो.

(दृश्य : गल्लीतल्या बायका जमल्यात, आवाज)

"काय करायलात मामा? आम्हाला प्यायला नाही आन तुम्ही रस्त्यावर सोडायलात?"

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि तो चूक नाही. ह्याच मराठवाड्यात, लातूरला, 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांच्या डोळ्यासमोर पाणी नाल्यात गेलं तर जीव जळणारच. म्हणून हिशोब सांगतो. सहा इंची पाईपातून सेकंदाला एक मीटर वेगानं दहा मिनिटं पाणी सोडलं तर साधारण साडेदहा हजार लिटर जातं, म्हणजे एक मोठा टँकर. आता दुसरी बाजू. गल्लीत साठ घरं धरा, नळ आल्यावर प्रत्येक घर पहिली दहा मिनिटं घाण पाणी अंगणात सोडून देतं, अर्ध्या इंची नळाला मिनिटाला दहा लिटर धरा, सहा हजार लिटर गेलं. ते दर पाण्याला जातं. म्हणजे दोन वेळच्या नळात वॉशआऊटपेक्षा जास्त पाणी फरशीवर सांडलेलं असतं, फक्त ते एका जागी दिसत नाही म्हणून कुणी ओरडत नाही. आणि हे तांबडं पाणीसुद्धा वाया घालवायची गरज नाही, टँकर लावून भरलं तर डिव्हायडरच्या झाडांना चालतं, थोडं नियोजन पाहिजे एवढंच.

(दृश्य : पाणचक्की, नहरीचे जुने मनोरे)

आता जरा जुन्या शहरात जाऊ. हे उभे मनोरे नहर-ए-अंबरीचे. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराचं पाणी जमिनीखालून गावात आणलं, पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. त्याच पद्धतीनं पुढं अठराव्या शतकात पाणचक्कीला पाणी आलं आणि त्या पाण्यावर जातं फिरलं. ह्या मनोऱ्यात पाणी वर चढायचं, अडकलेली हवा बाहेर पडायची, दाब कमी व्हायचा, मग पाणी पुन्हा खाली उतरून पुढं निघायचं. आजचा एअर व्हॉल्व्ह हेच करतो. आणि नहरीवर जागोजाग आत उतरायला झाकणं ठेवलेली, गाळ काढायला. चारशे वर्षांपूर्वी ज्यानं नहर बांधली त्यानं ती साफ कशी करायची ते बांधतानाच ठरवलं होतं. मला ह्या शहरातली सगळ्यात हुशार गोष्ट ही वाटते, मनोरे बघायला येणाऱ्यांना ती कुणी सांगत नाही.

लाईन धुतली नाही तर कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉईड होऊ शकतात, हे सगळ्यांना माहितीय.

(दृश्य : पाणी हळूहळू निवळतं, काचेच्या बाटल्या ओळीनं)

ह्या बाटल्या एकाच वॉशआऊटच्या, थोड्या थोड्या वेळानं भरलेल्या. पहिली तांबडी, मग पिवळट, मग नुसती धुरकट, आणि ही शेवटची, हिच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. पण नुसतं दिसायला स्वच्छ चालत नाही. आता गल्लीच्या शेवटच्या घरात जाऊन ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते बघायचं. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरिन आहे. भारतीय मानकाप्रमाणं नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम पाहिजे. हे बघा, फिकट पिवळं आलं. ह्याच नळाला वॉशआऊटच्या आधी रंगच आला नव्हता, ती नळी शेजारीच ठेवलीय.

जलकुंभसुद्धा धुतात, आत उतरून खराट्यानं, ब्लिचिंग मारून, त्याचं शूटिंग आम्हाला करता आलं नाही.

(दृश्य : सिमेंट रस्ता, व्हॉल्व्हमन पावलानं अंतर मोजतायत)

आता ही पुढची गल्ली. इथं काम अडलं. नकाशात व्हॉल्व्ह आहे, रस्त्यावर नाही. नवा सिमेंट रस्ता झाला तेव्हा चेंबर खाली गेलं, वरून गुळगुळीत. मामा विजेच्या खांबापासून पावलं मोजतायत, त्यांना आठवतंय की इथं कुठंतरी होतं. हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठली लाईन कुणाच्या वाड्याखालून जाते, आणि त्यातले कितीतरी लोक कंत्राटी आहेत किंवा रिटायरमेंटला आलेत, त्यांच्या डोक्यातलं वहीत उतरवून घ्यायचं काम आत्ताच व्हायला पाहिजे. ब्रेकर आणून रस्ता फोडायचा तर परवानगी लागते, म्हणून ही गल्ली आज राहिली. वहीत लिहिलंय, व्हॉल्व्ह सापडला नाही.

तुमच्या गल्लीत रस्त्याचं काम निघालं की सिमेंट पडायच्या आधी बाहेर या, व्हॉल्व्हचं चेंबर कुठंय ते व्हॉल्व्हमनला विचारा आणि त्याचं झाकण नव्या रस्त्याच्या लेव्हलला उचलून घ्यायला लावा. मोबाईलमधे फोटो काढून ठेवा, शेजारचा खांब किंवा गेट दिसेल असा. आणि वॉर्ड ऑफिसात गेलात की आमच्या लाईनचं वॉशआऊट शेवटचं कधी झालं आणि पुढचं कधी आहे ते विचारा, तारीख घेऊनच या. पावसाळ्याच्या आधीची मागा.