ब्रेक खोल जातोय, भाऊ

नाशिक, अंबड लिंक रोड. गॅरेजच्या दारात गाडी उभी राहते आणि मालक उतरता उतरताच सांगतात, "भाऊ, ब्रेक खोल जातोय. ऑईल बदलून टाका." मिस्त्री पाना उचलत नाहीत. विचारतात, "घाटात झालं, की इथं गावात?"

या प्रश्नात निम्मं निदान असतं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑईलची एक प्रत) २३० अंशांच्या खाली उकळत नाही; पाणी मुरलेलं मात्र १५५ च्या आसपास उकळू शकतं. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, की कॅलिपर (चाकापाशी ब्रेक आवळणारे भाग) तापतात, ऑईलची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. खाली शहापूरला चहाला थांबेपर्यंत ब्रेक पुन्हा ठीक! मग माणूस विसरून जातो. हाच खरा धोका. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नाहीत.

गावातच पेडल मऊ लागत असेल, तर मिस्त्री इंजिन बंद ठेवून सीटवर बसतात. पटापट तीन-चार वेळा दाबल्यावर पेडल वर येऊन घट्ट झालं, तर ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये, म्हणजे नळ्यांत, हवा असल्याचा संशय. ऑईल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर बुडबुड्यांतच जिरतो. मागे ड्रम ब्रेक असतील तर सैल लायनरमुळेही (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) पेडल खोल जातं, पण ते तळाशी कडक लागतं. त्यात स्पंजपणा नसतो.

आता पाय तसाच दाबून धरायचा. पेडल हळूहळू बुडत चाललं, तर आधी गळती शोधायची: चाकांच्या आतल्या बाजूला, रबरी होजवर, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरपाशी. कुठंच ओल नाही? मग मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणाऱ्या भागाची, आतली सील गेली असावीत, आणि ऑईल आतल्या आत मागे फिरतंय. अशा गाडीला नुसती हवा काढून काही होत नाही, तरी पुष्कळ ठिकाणी तेवढंच करून पैसे घेतात.

इंजिन सुरू करताना दाबलेलं पेडल किंचित खाली सरकतं, तो मात्र बिघाड नाही. तो बूस्टर.

या गाडीत निघाली हवाच. चाकापाशी हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये. मिस्त्री पेडलवर बसलेल्याला सांगतात, "दाब." "धरून ठेव." निप्पल उघडतं, बुडबुडे येतात, निप्पल बंद होतं. "सोड." कुठलं चाक आधी, ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. टाकीतलं ऑईल मध्येच संपलं, तर नवी हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा अडकली असेल, तर काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो.

बाटलीतलं काळपट ऑईल परत टाकीत जात नाही. आणि पहिली चाचणी गॅरेजच्या आवारातच, पायी चालण्याच्या वेगानं.